निफाडच्या आईची मिरीची डबी

अशा जवळ या पाहू, लांब बसू नका. आणि हातात काय आहे ते, हळदीचं दूध? मिरी घातलीय का त्यात? नाही ना. वाटलंच मला. चांगलं निरसं दूध आणता, घरची हळद घालता, साय धरेपर्यंत उकळता, आणि चार दाणे मिरी कुटून टाकायचा कंटाळा करता. एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, तुम्हाला कोणी कसं सांगितलं नाही? मग ते दूध प्यालात काय अन् मोरीत ओतलंत काय, हळदीला दोन्ही सारखंच. हे मी म्हणत नाही हं, माझ्या विहीणबाई म्हणतात. आख्ख्या नाशिक जिल्ह्यात मिळून जेवढी मिरी खपते तिच्यातली निम्मी विहीणबाईंच्या एकट्या घरात खपते असं माझं ठाम मत आहे, आणि उरलेल्या निम्म्यातली निम्मी त्या दुसऱ्यांच्या ताटात घालून येतात. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही ओळखली असं व्हायला नको. मी त्यांच्यावर जळते. अगदी लेकीचं लग्न ठरल्या दिवसापासून, नियमाने.

विहीणबाई म्हणजे माझ्या प्राजूच्या, प्राजक्ताच्या, सासूबाई. राहणार निफाड, घरची द्राक्षबाग. उंचनिंच बाई, आवाज असा की बागेच्या या टोकाला 'पाणी सोड' म्हणाल्या की पलीकडच्या शेतकऱ्यानंही मोटर चालू करावी. कमरेला एक कापडी पिशवी कायम खोचलेली. त्यात पैसे नाहीत, किल्ल्या नाहीत, तपकीर नाही. त्यात एक लाकडी डबी. वरचं झाकण पिळलं की खालून करकर करत मिरपूड पडते, तसली. ती डबी मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्याच घरी, प्राजूला बघायला आल्या होत्या तेव्हा. आमचं घर नाशकात द्वारकेच्या चौकामागं, तिथल्या हॉर्नच्या आवाजात पाहुण्यांशी बोलायचं म्हणजे निम्मं खुणांनीच. मी पहाटे उठून पोहे केले होते. माझ्या पोह्यांना आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही, माझ्या सासूनंसुद्धा नाही, आणि ती बाई देवाच्या नैवेद्यालाही नावं ठेवायची. विहीणबाईंनी एक घास घेतला, मान डोलावली, आणि पिशवीतून डबी काढून माझ्या पोह्यांवर करकर करकर सुरू केलं.

"पोहे लय झ्याक झालेत, ताई," त्या म्हणाल्या. "पन हळद हाय अन् मिरी नाय. मंग ती हळद नुसती रंगालाच की."

मी म्हटलं, "आमच्याकडे नाही घालत."

"आमच्याकडं बी नव्हते घालत," त्या म्हणाल्या, "म्हनूनच तर समदे काटक्यावानी व्हते." एवढं बोलून त्यांनी आमच्या ह्यांच्या बशीवर डबी पिळली, मग चहाच्या कपावर पिळली. हे सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेले गृहस्थ, नको म्हणायची सवय नाही. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बरा लागतोय की गं." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा मुकाट्यानं पिणारा माणूस, त्याला एकदम चव कशी काय कळायला लागली?

लग्नात तर कहर झाला. आमच्यात नवऱ्याला आधी हळद लावतात आणि त्यातलीच उरलेली, उष्टी हळद, नवरीकडे पाठवतात. तुमच्याकडेही असेल तसंच. आता लग्नाच्या हळदीत कोणी मिरी घालतं का? विहीणबाईंनी घातली. चांगली वाटून, वस्त्रगाळ करून घातली. कोणी विचारलं तर म्हणाल्या, "नुसती वरून थापून काय उपयोग? अंगात मुराया नको का?" जावईबापूंच्या अंगाला ती हळद लागली आणि दोन मिनिटांत ते पाटावरून उठून उड्या मारायला लागले. बँडवाल्यांना वाटलं नवरदेवाला नाच आलाय. त्यांनी चाल बदलली, पोरंटोरं भोवती गोळा झाली, आणि त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कोणी पाणी म्हणून दिलं नाही. मग तीच हळद वाजतगाजत आमच्या खोलीत आली. आम्हाला काय माहीत? पाच सुवासिनींनी प्राजूच्या गालाला लावली, आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सुवासिनींनी त्याच हातांनी आपापले डोळे पुसले, मग त्यांच्याही डोळ्यांतून. दारात उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या, "किती माया गं पोरीची, आत्तापासून रडतेय," आणि त्याही रडायला लागल्या. मुलीच्या लग्नात आईनं रडायचं ते पाठवणीला. माझ्या वाट्याचं रडूसुद्धा विहीणबाईंच्या मिरीनं आदल्या दिवशीच काढून घेतलं.

मिरीचं हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते मला पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. मी निफाडला गेले होते. बायका वाण म्हणून डबे देतात, चाळण्या देतात, विहीणबाईंनी प्रत्येकीच्या ओटीत मिरीची पुडी घातली. आणि मग सगळ्यांना ओसरीवर बसवून व्याख्यान. त्यांचा एक पुतण्या परदेशात असतो, तो त्यांना हळदीच्या कॅप्सुली पाठवतो. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आत मिरीचा अर्कही घातलाय. विहीणबाई ती बाटली देवाच्या तसबिरीसारखी सगळ्यांपुढून फिरवत होत्या. "बघा, गोऱ्या लोकान्ला बी कळालं. हळदीतला जो गुण हाय ना, तो आपलं शरीर ठरूच देत नाय. आला की काढ भाईर. मिरी काय करती, त्या भाईर काढनाऱ्याला वाईच थोपवून धरती. तवर हळद रगतात."

एक बाई म्हणाली, "म्हंजे कसं, काकू?"

"बागेला औषध मारताना त्यात स्टिकर टाकता ना?" विहीणबाई म्हणाल्या. "नुसतं औषध पानावर टिकतंय का? थेंब थेंब व्हऊन घसरून जातंय खाली. स्टिकर टाकलं का पान धरून ठेवतंय. मंग? मिरी म्हंजे पोटातलं स्टिकर."

साऱ्या बायकांनी माना हलवल्या. द्राक्षाच्या गावात याहून सोपं करून कोणी सांगितलं नसतं. मला मनातून पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला. घरी येऊन मी ती पुडी मीठमसाल्याच्या कपाटात अगदी मागं, शिकेकाईच्या पलीकडे ठेवली.

पण खरं जळणं पुढंच आहे. माझी प्राजू लहानपणापासून किरकोळ. मी त्या पोरीसाठी काय केलं नाही? रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून द्यायचे, खजूर तुपात, बिटाची कोशिंबीर, नाचणीची खीर, हळदीचं दूध तर रोजचंच. शाळेत होती तोवर तिच्या मागे ताट घेऊन फिरले, नोकरीला लागली तर डबा घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले. सगळं खायची, पण अंगी म्हणून लागायचं नाही. शेजारणी विचारायच्या, "हिला जेवायला देता की नाही हो?" आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच ती दिवाळीला आली ती गालांवर तेज घेऊन. बांगड्या मनगटात घट्ट बसायला लागलेल्या. जी ती बाई हेच म्हणतेय, "सासर मानवलं हो पोरीला." माझ्या पोटात करकर करकर व्हायला लागलं, थेट त्या डबीसारखं. त्यात आणखी एक. प्राजू सासूलाही आईच म्हणते. त्यात काही वाईट नाही, चांगलीच सवय आहे. पण माझा फोन आला आणि जावईबापूंनी विचारलं, कोणाचा गं, तर पोरगी म्हणते, "नाशिकच्या आईचा." म्हणजे नुसती आई ती निफाडची, आणि मी नाशिकची. जसा एकीचा गहू लोकवन आणि दुसरीचा रेशनचा.

मग मीही शिकेकाईच्या मागची पुडी काढली. म्हटलं, मिरीनंच अंगी लागतं ना, मग आपल्याला काय हात नाहीत? प्राजू पुढच्या वेळी आली तेव्हा मी वरणात मिरी घातली, भाजीत घातली, ताकात घातली आणि खिरीतही घातली. चिमूट किती असते याचा मला अंदाज नव्हता, आणि विचारायचं तरी कोणाला? प्राजूनं खिरीचा चमचा तोंडात घातला आणि तिला असा ठसका लागला की ह्यांनी खुर्ची सोडून तिची पाठ चोळली. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू पण?" आणि हसत सुटली. लगेच निफाडला फोन लावून सासूला सांगितलं. पलीकडून त्यांचं हसू स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "ताईंना म्हनावं, बागेला स्टिकर बादलीनं नाय वतायचं."

यानंतर पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? मी दुपटी शिवायला घेतली, खारीक फोडून ठेवली. ह्यांनी पाळण्याच्या दोऱ्या बदलल्या. सातव्यात निफाडला डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, सगळं रीतसर. तेव्हा विहीणबाईंच्या एका जाऊबाईंनी मला विचारलं, "मग कधी नेताय लेकीला?" आणि प्राजूनं माझ्याकडे बघायच्या आधी सासूकडे बघितलं. एवढंच. बाकी काही नाही. पण आईला तेवढं पुरतं.

"बघू ना, आई," ती मला म्हणाली. "इथलं जेवण आता मानवतंय मला. मध्येच बदल नको वाटतो."

मी वाडीतल्या फुलांकडे बघत बसले. विहीणबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि ज्या बाईला भटजीच्या मंत्रातही दोन शब्द घालायची सवय, तिचं ते गप्प बसणं मला फार बोलकं वाटलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "तिला बरं वाटेल तिथं राहू दे की." मी म्हटलं, "तुम्ही मिरीचा चहा प्या." पाळणा मात्र मी झाकून ठेवला. प्राजू येणार की नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझं जेवणखाण अडलं होतं. डबीभर मिरीपुढं माझं इतक्या वर्षांचं केलेलं हरतं की काय, असं वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस प्राजूचाच फोन आला. विहीणबाई बागेत चक्कर येऊन पडल्या होत्या. लागलं नव्हतं फार, पण डॉक्टरकडे न्यावं लागलं. झालं होतं असं, की त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, बऱ्याच वर्षांची. त्यांनी आपल्या मनानंच ठरवलं की हळद अंगी लागते तर गोळी का लागू नये. परदेशातून मिरीच्या अर्काच्या वेगळ्या कॅप्सुली मागवल्या आणि रोज गोळीसोबत घ्यायला सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले, अहो आजी, मिरी काय हळद ओळखून आत सोडते का? जे येईल ते सोडते. गोळीचं बळ जास्तच चढलं असणार, रक्तदाब पार खाली आलाय. स्वयंपाकातली चिमूटभर खा हवी तर, पण औषधं चालू असताना या अर्काच्या कॅप्सुली विचारल्याशिवाय नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं निघाले. काळजी होती, खोटं कशाला बोलू? पण काळजीच्या शेजारच्या सीटवर आणखीही एक जण बसलेली होती. वाटेतलं चांदोरी मागं पडल्यापासून मी एक वाक्य तोंडात घोळवत होते: "काय विहीणबाई, मुरलं का अंगात?" अगदी सहज म्हणायचं, हसत हसत, पाणी पिता पिता.

गेले तर विहीणबाई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. पुढ्यात वरणभात, कमरेला पिशवी नाही. डबी कोनाड्यात, झाकणावर धूळ नव्हती पण हातही नव्हता. मला बघून म्हणाल्या, "या ताई. बसा. पोहे टाक गं, प्राजू." आवाज असा की खाटेच्या पायथ्यापर्यंत जेमतेम पोचावा. माझं वाक्य बाजूला ठेवून मी खाटेशी स्टूल ओढलं.

"आता बरं आहे ना?" मी म्हटलं.

"बरंच हाय. डागदर म्हनला, चिमूटभर चालंल. पन मीच सोडली." त्यांनी घास नुसता कालवला. "ताई, मला भ्या वाटलं. पोरगी दोन जीवांची. तिला मी वाटीवाटीनं खाऊ घालती. उद्या तिच्या गोळ्यांचं असंच कायतरी झालं असतं, तर तुमाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

प्राजू दारातून म्हणाली, "आई, मी विचारलंय डॉक्टरांना. तुम्ही घालत होता त्यानं काही होत नाही. कॅप्सुली तर मी घेतच नव्हते."

"तू गप बस," विहीणबाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "घेऊन जा तिला. पयलं बाळातपन आईकडंच. डोहाळजेवनाच्या दिशीच म्हननार व्हते, पन जीभ रेटना. सवय झाली तिची. घरात दुसरं कुनी 'आई' म्हनून हाक मारीत नाय मला. पोरगा तर मम्मी म्हनतो."

मी म्हटलं, "तुमच्याकडे तिला मानवलंय, विहीणबाई. माझ्याकडे कधी अंगी लागलं नाही."

त्या चक्क हसल्या. "ताई, तुमी त्या दिशी वसरीवर ऐकलंच नाय नीट. बागेला औषध कुनाचं? ज्यानं घातलं त्याचं. स्टिकरमधी कुठं ताकद असती? नुसत्या मिरीवर मानूस जगतंय का? बदाम तुमचे, खजूर तुमचा, दूध तुमचं. इतकी वर्सं तुमी घातलं पोरीत. मी शेवटाला आले अन् डबी पिळली. लोक म्हनत्यात सासर मानवलं. लोकान्ला काय कळतंय."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईवर धड जळता तरी येतं का? मिरी तिची, लेकीच्या गालावरचं तेज तिचं, आणि वरून एवढं मोठं मनही तिचंच. माझ्या वाट्याला काही म्हणून ठेवलंच नाही. मी तसंच त्यांना सांगितलं, "हे बोलायचं मोठेपणसुद्धा तुम्हीच घेतलंत." तर म्हणाल्या, "मंग तुमी पोहे घ्या." निघताना त्यांनी कोनाड्यातली डबी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "चिमूटभर हां, ताई. बादलीनं नाय."

प्राजू आली. पाळण्यावरची चादर निघाली. त्या डबीचं झाकण मी रोज एकदा पिळायची, मोजून एक वेढा. आणि कळा सुरू झाल्या तेव्हा पोरीनं माझा हात घट्ट धरून म्हटलं, "आईला फोन लाव." मी म्हटलं, "अगं, मी इथंच आहे की." तर म्हणते, "तू आहेसच. निफाडच्या आईला लाव." मी लावला. हो, लावला. एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमधून तो बागेच्या पलीकडे पोचणारा आवाज, "घाबरू नको गं माज्या वाघिनी." मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बारसं केलं, त्याला विहीणबाई आल्या, गाठोडंभर आंगडीटोपडी घेऊन आल्या, पण साऱ्या पंगतीत डबी मागितली नाही. मी मुद्दाम त्यांच्या ताटाशेजारी ठेवली तरी उचलली नाही. वरणभात तसाच जेवल्या आणि चांगला झालाय म्हणाल्या. मला ते इतकं चुकल्यासारखं वाटलं. माझ्या स्वयंपाकाला नाव न ठेवता कोणीतरी जेवत होतं आणि मला घास गोड लागत नव्हता. त्यातल्या त्यात नातीनं मला जळायला तेवढं दिलं. आमच्या ह्यांना कशानं कोण जाणे शिंक आली, आणि पोरगी आयुष्यात पहिल्यांदा हसली. हसली ती विहीणबाईंच्या मांडीवर. तेही त्यांच्याच मांडीवर.

आता प्राजू आणि बाळ निफाडला गेलीत. फोनवर मला 'नाशिकची आजी' म्हणून बाळाला दाखवतात. विहीणबाईंची तब्येत छान आहे, बागेची छाटणी त्यांनी उभं राहून करून घेतली, पण प्राजू सांगते, आई हल्ली ताटावर फारशा बोलत नाहीत, वाढलं ते जेवतात. डबी माझ्याकडेच राहिली. प्राजूनं जाताना आठवण केली होती, मी ऐकू न आल्यासारखं केलं. पाठवून दिली असती तर त्या इकडं यायच्या कशाला?

हे सगळं मी लिहूनही ठेवतेय, आणि प्राजू ते तुम्हाला वाचून दाखवणार आहे, विहीणबाई, मला ठाऊक आहे, म्हणून आता तुमच्याशीच बोलते. डॉक्टरनं चिमटीला परवानगी दिलीय, ती तुम्ही वापरत नाही हे काही बरोबर नाही. द्राक्षं उतरायच्या आधी एकदा सवड काढा. बाळाला घेऊन या, नाही जमलं तर एकट्याच या. द्वारकेला उतरलात की फोन करा, रस्ता ओलांडायला मी येते, तिथं एकटीनं ओलांडायचा नाही. तुम्ही आल्यावर पोहे टाकीन. हळद घालीन, मिरी घालणार नाही. डबी भरून बशीशेजारी ठेवलेली असेल. या लवकर, आणि नावं ठेवा.